ओव्हरलॅप प्रिस्क्रिप्शन: अमेरिकेतले कंट्रोल्ड पेनकिलरचे नियम

आधीच्या गोळ्या अजून संपायच्या आहेत आणि त्याच किंवा त्याच जातीच्या औषधाची दुसरी चिठ्ठी मेडिकलच्या काउंटरवर आली, की त्याला ओव्हरलॅप म्हणायचं. बीपीच्या गोळीचं असं झालं तर कुणी फारसं मनावर घेत नाही, पण ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन, मॉर्फिन, फेंटानिल असल्या ओपिऑइड (अफूसारखं काम करणाऱ्या, सवय लागू शकणाऱ्या) पेनकिलरचं झालं की अमेरिकेतला फार्मसिस्ट हातातलं काम बाजूला ठेवून दिवस मोजायला बसतो. चिठ्ठी खरी आहे, डॉक्टरही खरा आहे, तरी "आज नाही मिळणार" हे उत्तर येऊ शकतं, आणि पेशंटचं डोकं फिरतं ते इथेच.

मूळ कायदा १९७०चा, कंट्रोल्ड सबस्टन्सेस अ‍ॅक्ट. त्यात औषधांची पाच शेड्यूल, म्हणजे वर्ग, आहेत. वर सांगितलेली सगळी शेड्यूल दोनमध्ये येतात (हायड्रोकोडोनच्या कॉम्बिनेशन गोळ्या आधी तीनमध्ये होत्या, ऑक्टोबर २०१४ मध्ये दोनमध्ये आल्या), आणि शेड्यूल दोनला रिफिल (त्याच चिठ्ठीवर पुन्हा औषध) नाहीच, दरवेळी नवी चिठ्ठी. ट्रॅमाडॉल हे ओपिऑइड चारमध्ये, त्याला सहा महिन्यांत जास्तीत जास्त पाच रिफिल. दर महिन्याला डॉक्टरकडे चकरा नकोत म्हणून २००७ पासून एक सोय आहे, डॉक्टर एकाच भेटीत मिळून ९० दिवसांच्या वेगवेगळ्या चिठ्ठ्या देऊ शकतो, मात्र सगळ्यांवर सही केली त्याच दिवसाची तारीख हवी, पुढची तारीख टाकलेली चालत नाही, आणि पुढच्या चिठ्ठ्यांवर "अमुक तारखेच्या आधी देऊ नये" असं लिहावं लागतं.

आता गंमत अशी की आधीचा साठा संपायच्या किती दिवस आधी पुढचा द्यायचा, हा आकडा या केंद्रीय कायद्यात नाहीच. तो येतो राज्याचे नियम, इन्शुरन्स आणि त्या दुकानाची पॉलिसी यांतून, त्यामुळे एका दुकानात जे चालतं ते रस्त्यापलीकडे चालेलच असं नाही. बऱ्याच ठिकाणी दोन दिवस आधीपर्यंत देतात. समजा १ मार्चला ६० गोळ्या घेतल्या, रोज दोन, म्हणजे ३० मार्चला संपणार, ३१ला नव्या लागणार, तर २९च्या आधी हात हलवत परत. त्याआधी बिल टाकलं तर इन्शुरन्सच्या कॉम्प्युटरवरून "रिफिल टू सून" येऊन क्लेम रिजेक्ट होतो. दोन दिवसांनी काय एवढं बिघडतं असं वाटेल, पण दर महिन्याला दोन-दोन दिवस लवकर नेलं तर १२ महिन्यांत २४ दिवसांच्या गोळ्या घरात जास्तीच्या साठतात, म्हणून काटेकोर फार्मसिस्ट फक्त मागचा महिना बघत नाही, मागची बेरीजही बघतो.

दोन डॉक्टरांचा ओव्हरलॅप जास्त नाजूक. पेन क्लिनिकचं ऑक्सिकोडोन चालू आहे आणि दाढ काढल्यावर डेंटिस्टने हायड्रोकोडोन लिहून दिलं, यात लबाडी काहीच नाही, पण श्वास मंदावण्याचा धोका वाढतो, शिवाय दोन्ही गोळ्यांत पॅरासिटामॉल असलं तर लिव्हरवर वेगळा भार. फार्मसिस्ट राज्याच्या पीडीएमपी डेटाबेसमध्ये (कंट्रोल्ड औषधं कुणाला दिली याची राज्यभरची नोंद) पेशंटचं नाव टाकतो, कुठल्या दुकानातून काय, किती, कधी नेलं ते सगळं दिसतं (मिसुरीने असा कायदा सगळ्यात शेवटी, २०२१ मध्ये केला), मग दोन्ही डॉक्टरांना फोन, आणि झालेलं बोलणं तारखेसकट नोंदवून ठेवायचं. डोस वाढवला म्हणून नवी चिठ्ठी आली असेल तर ओव्हरलॅप चालतो, फक्त जुनी चिठ्ठी रद्द करायची.

एवढी सावधगिरी का, तर नियमानुसार चिठ्ठी योग्य वैद्यकीय कारणासाठी आहे ना याची जबाबदारी डॉक्टरसोबत फार्मसिस्टवरही आहे. "डॉक्टरने लिहिलं, मी दिलं" ही सबब चालत नाही. २०१३ मध्ये वॉलग्रीन्स या मेडिकल दुकानांच्या साखळीने अशा औषधांच्या हिशोबावरून ८ कोटी डॉलर भरून तडजोड केली, तेव्हापासून दुकानं अजूनच घाबरून असतात, आणि माझ्या मते त्याचा त्रास खऱ्या दुखण्यावाल्यांनाच जास्त होतो. मधला रस्ता आहे, २०१६च्या कायद्यापासून पेशंट किंवा डॉक्टर थोड्याच गोळ्या मागू शकतो, उरलेल्या गोळ्या, चिठ्ठी लिहिल्यापासून ३० दिवसांत, नंतर न्यायच्या. पण हे फार जणांना माहीत नसतं.

मुलांकडे राहायला गेलेल्या आईवडिलांनी एक लक्षात ठेवावं, पुण्या-नाशिकच्या डॉक्टरची चिठ्ठी तिथल्या फार्मसीत चालत नाही, तिथला डॉक्टर गाठावाच लागतो. आपल्याकडे ट्रॅमाडॉल २०१८ पासून एनडीपीएस (अंमली पदार्थांच्या) कायद्याखाली आहे, आणि शेड्यूल एच१ या आपल्याकडच्या यादीतली औषधं विकली की पेशंट-डॉक्टरचं नाव रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपायचं असा नियम आहे, पण ते रजिस्टर त्या दुकानाच्या ड्रॉवरमध्ये असतं, पलीकडच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्याला त्यातलं काही दिसत नाही.