काँग्रेस विहिरीची उरलेली गोष्ट

बेळगावात टिळकवाडीला, काँग्रेस रोडवर एक छोटी बाग आहे. आत वीरसौध हे स्मारक, गांधीजींचा पुतळा आणि एक जुनी विहीर. सगळं गाव तिला काँग्रेस विहीर म्हणतं. मूळ नाव पंपा सरोवर. डिसेंबर १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी इथं 'विजयनगर' नावाची नगरी उभी केली होती, आणि तिथं येणाऱ्या हजारो माणसांना पाणी पुरावं म्हणून ही विहीर खोदली. संयोजनाचा भार होता गंगाधरराव देशपांडे यांच्यावर. गांधीजींनी काँग्रेसचं अध्यक्षपद आयुष्यात एकदाच भूषवलं, ते याच ठिकाणी. अस्पृश्यता ही स्वराज्याच्या वाटेतली धोंड आहे, असं त्यांनी अध्यक्षीय भाषणात सांगितलं. त्याच अधिवेशनात सभासदत्वासाठी नवी अट मंजूर झाली: दरमहा दोन हजार वार सूत देणं.

इथवरचं बेळगावात बहुतेकांना ठाऊक असतं. पुढचं मात्र या बागेत कुणी सांगत नाही, याची मला फार खंत वाटते.

चारेक महिन्यांनी, एप्रिल १९२५ मध्ये, याच जिल्ह्यातल्या निपाणीत मुंबई प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली. (जिल्हा तेव्हा मुंबई प्रांतात होता.) तिथं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गांधीजींना मोकळेपणानं श्रेय दिलं. सगळ्यांनी झिडकारलेल्यांना त्यांची सहानुभूतीही मोलाची आहे, असं ते म्हणाले. पण खादीचा आणि हिंदू-मुस्लिम ऐक्याचा जेवढा आग्रह, तेवढा अस्पृश्यता निवारणाचा नाही, हेही त्यांनी सुनावलं. तसा आग्रह असता, तर काँग्रेसमध्ये मत देण्यासाठी अस्पृश्यता निवारणाचीच अट घातली गेली असती! माझ्या मते बेळगावच्या सुताच्या ठरावाला मिळालेलं हे सर्वांत नेमकं उत्तर.

निपाणीला हा विचार नवा नव्हता. शेजारच्या कागल जहागिरीतल्या माणगावात मार्च १९२० मध्ये परिषद झाली होती. आप्पासाहेब पाटलांनी पुढाकार घेतला, बाबासाहेब अध्यक्ष होते, आणि खुद्द शाहू महाराजांनी तिथं येऊन, तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, असं जाहीर केलं. आज सीमेच्या दोन बाजूंना असलेली ही गावं तेव्हा एकाच चळवळीत होती.

त्या कामाला पुढं फळही आलं. १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांचे सहकारी बळवंतराव वराळे त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून बेळगाव उत्तरमधून मुंबई विधानसभेत पोहोचले.