माळावरून फरशीवर

सांगली-सातारा पट्ट्यात पळणारी कुत्री कुणाला नवी नाहीत. जत्रेत बैलगाड्यांबरोबर कुत्र्यांच्याही शर्यती लागतात. जतच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या कारवान जातीची कुत्री पाळणारी घरं आहेत आणि सीमा ओलांडून कर्नाटकात गेलं की त्याच कुळीचं मुधोळ. या मुधोळ हाउंडवर भारतीय टपाल खात्यानं 2005 साली तिकीटही काढलं. शर्यतीच्या हौशीपायी ग्रेहाउंड आणि त्यांच्या संकराची कुत्रीही इकडं आली.

नवी आहे ती पुढची गोष्ट. कुत्रा चार-पाच वर्षांचा होतो, नंबर येईनासा होतो आणि कुणीतरी प्रेमानं त्याला विश्रामबागेतल्या फ्लॅटवर किंवा साताऱ्यात सदर बझारातल्या घरी घेऊन येतं. आठवड्याभरात दोन तक्रारी ठरलेल्या: हॉलमध्ये लघवी करतो आणि रस्त्यावर ओढत नेतो. मग घरातलं वडीलधारं माणूस निकाल देऊन टाकतं, ‘शर्यतीचं कुत्रं ते, त्याला कुठली आलीय शिस्त!’ माझ्या मते शिस्त त्याच्यात ठासून भरलेली असते. ती तुमच्या घराची नसते, इतकंच.

परदेशातल्या ग्रेहाउंडचा अनुभव इथं उपयोगी पडतो, कारण तिकडं हा प्रश्न घाऊक प्रमाणात आला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिल इथं 1919 मध्ये यांत्रिक सशामागे कुत्री पळवण्याचा ट्रॅक सुरू झाला, 1926 मध्ये मँचेस्टरमध्ये ब्रिटनचा. आता उलटा प्रवास चालू आहे. फ्लोरिडाच्या मतदारांनी 2018 मध्ये बंदीचा कौल दिला आणि 2020 संपताना तिथल्या शर्यती थांबल्या. निवृत्त कुत्री हजारोंनी घरोघरी गेली. ती कुत्री कशावर अडतात आणि का, हे त्यामुळं बरंच समजलं आहे.

आधी लघवीचं. मूत्राशयाला दोन कड्या असतात. आतली आपोआप आवळलेली राहते, बाहेरच्या कडीवर मेंदूचा ताबा चालतो. तीस किलोचा निरोगी कुत्रा दिवसाला साधारण 600 मिलिलिटर ते सव्वा लिटरपर्यंत लघवी तयार करतो आणि रात्रीचे सहा-आठ तास ती सहज धरून ठेवू शकतो. ट्रॅकच्या केनेलमध्ये ही कुत्री रात्रभर पिंजऱ्यात राहतात, दिवसातून ठरावीक वेळा त्यांना अंगणात सोडतात, तिथंच त्यांचं सगळं उरकतं. म्हणजे धरून ठेवायला त्याला शिकवावं लागत नाही. त्याला माहीत नसतं ते एवढंच, की तुमचं अख्खं घर ‘आत’ आहे. त्याच्या हिशेबात ‘आत’ म्हणजे जिथं तो झोपतो तेवढी चार बाय चारची जागा. अंथरुणापासून पंधरा फुटांवरचा टीव्हीखालचा कोपरा हे सरळ सरळ अंगण झालं.

म्हणून पहिल्या दिवशी सगळं घर मोकळं सोडू नये. एक खोली द्यावी, तिथंच खाणं, झोपणं, माणसांची सोबत. ती आठ-दहा दिवस कोरडी राहिली की दुसरी उघडावी. हे वाचायला कडक वाटतं, पण कुत्र्याला ते सोयीचं जातं. नव्या जागी आलेल्या कुत्र्यांच्या रक्तात कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचं प्रमाण पहिले काही दिवस चढलेलं असतं, हे निवाऱ्यांतल्या कुत्र्यांवर मोजून पाहिलेलं आहे. अशा वेळी पाहुण्यांची रीघ लावून ‘बघा आमचा नवा कुत्रा’ करणं टाळलेलं बरं.

दुसरी भानगड तळव्यांची. पिल्लू दोनेक महिन्यांचं होतं तेव्हाच पायाखाली काय लागलं की लघवी करायची, याची आवड पक्की होऊ लागते. मातीवर, वाळूवर, गवतावर वाढलेल्या कुत्र्याला व्हिट्रिफाइड टाइल्स म्हणजे काहीच नाही. तो घरभर हुंगत फिरतो आणि त्यातल्या त्यात मऊ जागा शोधतो: पायपुसणं, सतरंजी, बाथरूमबाहेरचा मॅट. ‘मेला नेमका पायपुसण्यावरच करतो’ या तक्रारीत खोडसाळपणा शोधू नका. ते उचलून ठेवा. पण इथं एक पेच आहे. लांब पायांचा हा प्राणी गुळगुळीत फरशीवर घसरतो, घाबरतो, कधी भिंतीला चिकटून चालतो, त्यामुळं खाली काहीतरी अंथरावं तर लागतंच. रबरी चटई किंवा जुनी योगा मॅट हा मधला मार्ग. पाय धरून ठेवते, आणि ओलं शोषत नसल्यानं लघवीला मोहात पाडत नाही.

मोरीचा मोह मात्र माणसाला पडतो. ‘मोरीत केलं तर काय बिघडलं, पाणी ओतलं की झालं.’ मला हे पटत नाही. एकदा छपराखाली करायची मुभा मिळाली की मोरी, बाल्कनी, जिन्याखालचा कोपरा यांत फरक कसा करायचा हे कुत्र्याला कुणीच सांगितलेलं नसतं. अंथरुणाला खिळलेलं माणूस आणि चौथा मजला अशी अडचण असेल तर गोष्ट वेगळी.

फरशी पुसताना फिनेलवर विसंबू नका. फिनेलचा वास आपलं नाक भरून टाकतो, कुत्र्याचं नाही. वास ओळखणाऱ्या कामसू जनुकांची संख्या आपल्यापेक्षा त्याच्याकडं जवळपास दुप्पट, आणि वासाच्या पेशी तर कित्येक पट. लघवीतल्या युरियापासून जिवाणू अमोनिया बनवतात. त्यामुळं अमोनिया असलेलं काचा पुसायचं द्रव्य फरशीवर मारलं, तर ‘इथं कुणीतरी करून गेलंय’ अशी पाटीच आपण लावतो. पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइम असलेलं द्रव्य मिळतं, ते वासाचे रेणूच तोडतं.

वेळापत्रक साधं आहे. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, दंगा झाल्यावर. खाल्ल्यावर का, तर पोटात अन्न पडलं की मोठ्या आतड्याला हालचालीचा इशारा जातो. ही प्रतिक्षिप्त क्रिया माणसातही आहे आणि चहा-नाश्ता होताच घाईनं उठणाऱ्यांना ती नीट ठाऊक आहे. पहिला आठवडा दर दोन-तीन तासांनी, पट्टा लावून, एकाच जागी न्यायचं. तिथं गप्प उभं राहायचं. काम झालं की त्याच क्षणी, त्याच जागी खाऊ. बहुतेक घरांत बिस्किट मिळतं ते घरी परतल्यावर. त्यातून कुत्रा दारात यायला शिकतो, लघवीचा आणि बिस्किटाचा संबंध त्याच्या डोक्यात जुळतच नाही. आणखी एक: काम झालं की लगेच माघारी फिरू नका. बाहेरची हवा आवडणाऱ्या कुत्र्याला ती शिक्षाच वाटते आणि पुढच्या वेळी तो मुद्दाम लांबवतो. झाल्यावर दोन चकरा जास्त मारा.

रागावण्याबद्दल. कामावरून परत यावं, हॉलमध्ये थारोळं, आणि कुत्रा कान पाडून कोपऱ्यात. ‘बघा, याला कळतंय!’ अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकी संशोधिकेनं 2009 मध्ये हे तपासलं. ओरडलं गेलं की निरपराध कुत्र्याच्याही तोंडावर तोच भाव उमटत होता. तो भाव गुन्ह्याचा नसून मालकाच्या आवाजाचा होता. नाक लघवीत घासण्याच्या जुन्या रिवाजातून कुत्रा एकच धडा घेतो: माणसासमोर करायचं नाही. मग बाहेर पट्ट्यावर, तुमच्या डोळ्यांदेखत, तो करणार कसा?

खरं अवघड कुत्रं ते, जे कायम खुंटीला बांधलेलं होतं. त्याला जिथं झोपायचं तिथंच करावं लागलं, आणि झोपायची जागा कोरडी ठेवायची उपजत ओढच बोथट झाली. इथं आठवड्यांचे महिने होतात आणि ते मान्य करूनच घरी आणावं. उलट, नर कुत्रा पाय वर करून सोफ्याच्या कडेला चार थेंब सोडत असेल तर ती पोटाची निकड नसते, सही असते. आणि आधी कोरडा राहणारा कुत्रा एकाएकी घरात करू लागला, किंवा दिवसाला तीन लिटरपेक्षा जास्त पाणी पिऊ लागला, तर शिकवणी थांबवून पशुवैद्याकडं जा.

आता रस्ता. इथं ताकदीपेक्षा डोळा महत्त्वाचा. कुत्र्याच्या कवटीची लांबी आणि डोळ्याच्या पडद्याची रचना यांचा संबंध असल्याचं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2004 मध्ये दाखवलं. आखूड तोंडाच्या जातींत तीक्ष्ण दृष्टीच्या पेशी मध्यभागी गोळा झालेल्या, तर लांब तोंडाच्या जातींत त्या आडव्या पट्ट्यात पसरलेल्या. ग्रेहाउंड म्हणजे लांब तोंडाचा कळस. क्षितिजाच्या रेषेवर काही हललं की ते त्याच्या डोळ्यात भरतं. यवतेश्वरच्या रस्त्यावर समोरच्या उतारावरची शेळी तुम्हाला दिसायच्या आत त्याचे कान उभे झालेले असतात. सांगलीच्या बाजूला उसाच्या बांधावर ससा निघाला तर विचारूच नका.

या जातीचा वेग ताशी 60 ते 70 किलोमीटर, आणि तो गाठायला तिला फार जागा लागत नाही. यातून एक हिशेब निघतो, तो दोरी विकत घेण्याआधी करावा. सैल दोरीच्या टोकाशी कुत्रा पोचतो तेव्हाची ऊर्जा म्हणजे त्याचं वजन, त्वरण आणि सैल दोरीची लांबी यांचा गुणाकार. तीस किलोचा कुत्रा आणि सेकंदाला सेकंदागणिक पाच मीटर असं बेताचं त्वरण धरलं, तर एक मीटर सैल दोरीवर 150 ज्यूल. पाच मीटरवर 750. म्हणजे तीस किलो हळदीचं पोतं अडीच मीटरवरून पडावं, तेवढा दणका. तो तुमच्या मनगटाला आणि त्याच्या मानेला एकाच वेळी बसतो. म्हणून आपोआप लांबणारी, डबीतली दोरी या कुत्र्याला घेऊ नये, दुकानदार कितीही गळ घालो. दीड-दोन मीटरची जाड, रुंद दोरी पुरे.

पट्ट्याचंही तसंच. ग्रेहाउंडची मान डोक्याहून रुंद. साधा बकलचा पट्टा, घाबरून मागं सरकला की, कानांवरून सटकून हातात येतो. त्यासाठी मार्टिंगेल नावाचा पट्टा असतो, ताण आला की ठरावीक मापापर्यंतच आवळणारा. ओढायची सवय असेल तर छातीपट्टा बरा. पट्ट्यानं मान आवळली गेली की डोळ्यातला दाब वाढतो, छातीपट्ट्यानं तसा वाढत नाही, हे 2006 मधल्या एका अभ्यासात मोजलं गेलं. मात्र या जातीची कातडी पातळ, केस विरळ. सुतळी किंवा कडक नायलॉनची कड बगलेत घासून जखम करते.

ओढणं जातं कसं? एडवर्ड थॉर्नडाइकनं 1898 मध्ये मांजरांना पेट्यांत कोंडून दाखवलेली गोष्ट इथं लागू पडते: ज्या हालचालीनं फायदा झाला ती पुन्हा होते. कुत्रा खांबाकडं ओढतो, तुम्ही दोन पावलं मागं जाता, खांब हुंगायला मिळतो. ओढण्याचं बक्षीस तुम्हीच दिलंत. आणि कधी दिलं, कधी नाही, असं केलंत तर सवय आणखी चिवट होते. तेव्हा नियम घरातल्या सगळ्यांचा एक हवा: दोरी ताणली की जागच्या जागी थांबायचं, सैल झाली की निघायचं, तुमच्या गुडघ्याशी चालला की खाऊ. पहिल्या काही दिवसांत तो आधीपेक्षा जास्त ओढेल. आजवर चालणारा उपाय चालेनासा झाला की प्राणी तोच उपाय जोरात करून बघतो. बरेच जण नेमके इथंच हार मानतात.

ज्याला शर्यतीत गळ्याशी ताणून धरून मग सोडलं जायचं, त्याच्यासाठी ताण हाच ‘पळ’ असा इशारा आहे. अशा कुत्र्याला मागं खेचून काही साधत नाही. शेळी, मांजर, भटकी कुत्री दिसली की तो अजून तुमचं ऐकू शकतो एवढ्या अंतरावर थांबा, तिथंच खाऊ द्या, अर्धवर्तुळात वळून निघा. अंतर पुढच्या आठवड्यांत कमी करता येतं. याउलट काही ग्रेहाउंड भर रस्त्यात थिजून उभे राहतात, पाऊल टाकत नाहीत. ओढू नका. बाजूला वळवा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर गेलं की चालू लागतात.

वेळ पहाटेची. शर्यतीनंतर या कुत्र्यांचं तापमान 41 अंशांच्या वर जातं. घाम येतो तो फक्त तळव्यांना, म्हणून गारवा मिळवायचा तो धापा टाकूनच. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये सकाळी नवानंतर डांबरावर उलटा हात ठेवून बघा. पाच सेकंद ठेववत नसेल तर त्याचे तळवेही भाजतात.

चालण्यात अचानक बदल झाला तर शिस्तीचा प्रश्न समजू नका. ट्रॅकवर डावीकडं वळत पळालेल्या ग्रेहाउंडमध्ये उजव्या मागच्या पायाच्या घोट्याचं हाड मोडणं ही ओळखीची दुखापत आहे, आणि तळव्याला कुरूप होणंही. जिना चढायला कुरकुर करणारा कुत्रा आळशी असेलच असं नाही. पशुवैद्याकडं गेल्यावर तो ग्रेहाउंड किंवा त्याचा संकर आहे हे पहिल्यांदा सांगा. या जातीत लाल पेशींचं प्रमाण एरवीपेक्षा जास्त आणि प्लेटलेट्स व थायरॉइडचं टी-4 हे संप्रेरक कमी येतं, ते आजार म्हणून वाचलं जाऊ नये. थायोपेंटालसारखं भुलीचं औषध त्यांच्या शरीरातून फार हळू उतरतं, त्याला पर्याय असतात, आणि ते आधी ठरवावे लागतात.