वेबसाइटचे आकडे आणि ते दाखवणारे: सर्च कन्सोलची पार्श्वभूमी, कोल्हापूरच्या नजरेतून

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मॉडेल्सच्या पायात कोल्हापुरी घाटणीच्या चपला दिसल्या आणि कोल्हापूरचं नाव मात्र कुठंच नव्हतं. पुढचा गदारोळ सगळ्यांना माहीत आहे. महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेचं पत्र गेलं, आणि या चपलांचं मूळ भारतीय कारागिरीत आहे हे कंपनीनं मान्य केलं. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा एवढी चर्चा झाली नव्हती. स्वतःची वेबसाइट असलेल्या चप्पल विक्रेत्यांपुढं त्या दिवसांत एक साधा प्रश्न होता: एवढे लोक कोल्हापुरी चप्पल शोधतायत, त्यातले आपल्या पानापर्यंत किती पोचतायत? उत्तर गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे आपली साइट गुगलच्या शोधात कशी दिसते ते मालकाला दाखवणाऱ्या साधनात मिळत होतं, तेही फुकट. पण या उत्तराला काही कुंपणं आहेत. ती कुणी आणि केव्हा घातली, हे समजायला तीसेक वर्षं मागं जावं लागतं.

१९९४ मध्ये मार्टाइन कोस्टर या संगणक अभियंत्यानं एक छोटी सोय सुचवली. साइटच्या मुळाशी ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ नावाची साधी मजकुराची फाइल ठेवायची, आणि पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमनी, म्हणजे क्रॉलरनी, कुठं यायचं नाही ते त्यात लिहायचं. त्यामागं कायदा नव्हता, सगळा मामला सौजन्याचा होता. अधिकृत मानक म्हणून त्याची नोंद व्हायला २०२२ साल उजाडलं. या व्यवस्थेत साइटवाला बोलत होता आणि सर्चवाला फक्त ऐकत होता. तुमची किती पानं वाचली, किती सोडून दिली, याची पोच द्यायची पद्धतच नव्हती. डिसेंबर १९९५ मध्ये अल्टाव्हिस्टा हे सर्च इंजिन आलं, त्यात आपल्या साइटचा पत्ता भरून द्यायची सोय होती. पत्ता भरायचा आणि वाट बघायची. याहूच्या यादीत तर माणसं साइट तपासून कप्प्यात टाकत. आपल्याकडं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. कोल्हापूरच्या बहुतेक दुकानदारांच्या लेखी ही सगळी फार लांबची गोष्ट होती.

त्या काळात साइटवाल्याकडं एक गोष्ट मात्र हक्काची होती: सर्व्हर लॉग, म्हणजे साइटवर आलेल्या प्रत्येक भेटीची सर्व्हरनं आपोआप ठेवलेली नोंद. कुणी सर्चमधून तुमच्या पानावर आला की त्याचा ब्राउझर आधीच्या पानाचा पत्ता सोबत आणायचा, आणि शोधलेले शब्द त्या पत्त्यातच असायचे. एडब्ल्यूस्टॅट्स, वेबलायझर असे फुकट प्रोग्रॅम होस्टिंगबरोबरच मिळत आणि हे शब्द मोजून देत. गुजरीतल्या एखाद्या सराफाची साइट त्या वेळी असती, तर ‘कोल्हापुरी साज’ शोधत किती जण आले हे त्याला त्याच्याच सर्व्हरवर दिसलं असतं. आज जिची इतकी ओढ लागते ती माहिती तेव्हा न मागता मिळत होती आणि फार थोडे लोक ती उघडून बघत होते.

जून २००५ मध्ये गुगलनं ‘साइटमॅप्स’ नावाची सेवा सुरू केली. आजच्या सर्च कन्सोलची सुरुवात तीच. साइटवरच्या सगळ्या पानांची यादी एका फाइलमध्ये करून द्यायची, एका फाइलमध्ये जास्तीत जास्त ५०,००० पत्ते. यात मोठेपणा कमी आणि गरज जास्त होती. डेटाबेसमधून तयार होणारी पानं वाढत चालली होती, आणि एका लिंकवरून दुसरीवर उड्या मारणाऱ्या क्रॉलरला ती सापडत नव्हती. यादी मिळाली तर गुगलचंच काम सोपं होणार होतं. मोबदल्यात साइटवाल्याला कोणती पानं वाचता आली नाहीत ते कळू लागलं, आणि थोड्याच काळात कोणत्या शोधात आपली साइट दिसते याची झलकही. ऑगस्ट २००६ मध्ये या सेवेचं नाव ‘वेबमास्टर टूल्स’ झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी साइटमॅपची एकच पद्धत मान्य केली. एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या कंपन्या इथं एका टेबलावर आल्या, कारण यादी तिघांनाही हवी होती.

मराठी साइटवाल्यांना मात्र या सगळ्याचा पुढं बरीच वर्षं फारसा उपयोग झाला नाही. त्याचं कारण अमेरिकेत नव्हतं, आपल्याच डीटीपीच्या दुकानांत होतं. छपाईसाठी वापरले जाणारे जुने मराठी फॉन्ट युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीचे नव्हते. पडद्यावर ‘कोल्हापूर’ दिसायचं, पण संगणकाच्या आत ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असायची, त्यांच्यावर देवनागरीचं नुसतं चित्र चढवलेलं. छापील पत्रिकेला किंवा हँडबिलाला त्यानं काही बिघडत नाही. वेबवर मात्र तेच पान क्रॉलरला निव्वळ बरळणं वाटतं. कुणी देवनागरीत ‘कोल्हापूर’ शोधलं तर ते पान सापडण्याची शक्यताच नव्हती. वेबमास्टर टूल्समध्ये त्या काळी तुमच्या साइटवर गुगलला कोणते शब्द दिसतात याची एक यादी असे. अशा मराठी साइटच्या मालकानं ती उघडली असती तर त्याला अर्थहीन अक्षरांचा ढिगारा दिसला असता, आणि रोग तिथल्या तिथं कळला असता. अनेक मराठी वृत्तपत्रांच्या साइट्स एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अशाच फॉन्टवर चालत होत्या. सर्चच्या दृष्टीनं मराठीची ती वर्षं बहुतांशी वाया गेली असं म्हणायला हरकत नाही. काही छोट्या संस्थांच्या जुन्या पानांत तो मजकूर अजून तसाच पडून आहे.

पुढं युनिकोड रुळला, २०१४ मध्ये ‘डॉट भारत’ हे देवनागरी डोमेनही आलं. तरी लिपीचा गुंता संपला नाही, त्याचं रूप बदललं. मराठी माणूस फोनवर शोधताना अनेकदा रोमनमध्ये टाइप करतो. त्यातही चप्पलचं स्पेलिंग एका ‘पी’नं की दोन, याचा नेम नाही. देवनागरीत ‘कोल्हापुरी’ आणि ‘कोल्हापूरी’ दोन्ही येतं, ‘गूळ’ आणि ‘गुळ’ दोन्ही. कन्सोलच्या तक्त्यात या सगळ्या ओळी वेगवेगळ्या पडतात, आणि एका ओळीवर नजर ठेवणाऱ्याचा अंदाज चुकतो. आणखी एक अनुभव महाद्वार आणि भवानी मंडपाच्या आसपासच्या यात्री निवासांचा. स्थानिक मालक पानावर प्रेमानं ‘अंबाबाई मंदिराजवळ’ असं लिहितो. बाहेरून येणारा भाविक ‘महालक्ष्मी मंदिर’ शोधतो. हे साइट करून देणाऱ्याच्या डोक्यात येत नाही, पण क्वेरींचा, म्हणजे लोकांनी टाइप केलेल्या शोधशब्दांचा तक्ता उघडला की पाच मिनिटांत ध्यानात येतं. फुकट साधनाचा याहून रोकडा उपयोग दुसरा नसेल.

आता ऑक्टोबर २०११ कडं वळू, कारण या इतिहासातला खरा उलटफेर तिथं आहे. लॉग-इन केलेल्या लोकांचे शोध गुगलनं आपोआप एन्क्रिप्ट करायला, म्हणजे इतरांना वाचता येणार नाहीत असे झाकायला सुरुवात केली. कारण खासगीपणाचं दिलं गेलं, आणि ते खोटं नव्हतं. परिणाम असा झाला की पाहुण्यासोबत साइटवर येणारे शोधशब्द यायचे बंद झाले. साइटवर येणाऱ्यांची मोजणी करणाऱ्या गुगल अॅनालिटिक्समध्ये त्या जागी ‘पुरवलेले नाही’ एवढंच दिसू लागलं. २०१३ पर्यंत जवळजवळ सगळेच शोध या पडद्याआड गेले. तेच शब्द, गाळून आणि बेरजा करून, वेबमास्टर टूल्समध्ये मात्र मिळत राहिले. दुकानदाराची उधारीची वही गल्ल्यातून उचलून व्यापाऱ्याच्या पेढीवर नेऊन ठेवली, आणि कधीही येऊन बघा, पैसे नाहीत, असं सांगितलं, तसा हा प्रकार. २०११ च्याच नोव्हेंबरमध्ये याहूचं ‘साइट एक्सप्लोरर’ही बंद पडलं. त्यात कुणाच्याही साइटला कुठून लिंक येतात ते दिसे, शेजाऱ्याच्याही. मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनची वेबमास्टर टूल्स तेव्हा होती आणि आजही आहेत. ती वाईट नाहीत, पण आपल्याकडं बिंगवर शोधणारे मोजकेच.

२०११ नंतर सर्च कन्सोल ही सोय राहिली नाही, गरज झाली. मग त्यात काय आणि किती दिसतं याला महत्त्व आलं.

मे २०१५ मध्ये नाव ‘सर्च कन्सोल’ झालं. त्याच सुमारास आलेल्या नव्या अहवालात क्लिक, इम्प्रेशन (शोधाच्या निकालात साइट किती वेळा दिसली), क्लिकचं प्रमाण आणि निकालातलं सरासरी स्थान हे चार आकडे एकत्र मांडले गेले. मात्र इतिहास ९० दिवसांपुरताच. कोल्हापूरच्या धंद्याला ९० दिवसांची खिडकी काय कामाची? इथला धंदा सणावर आणि हंगामावर चालतो. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला लोटणारी गर्दी, दिवाळीच्या आगेमागे सुरू होणारी गुऱ्हाळं, उन्हाळी सुट्टीतले पर्यटक. या नवरात्राची तुलना मागच्या नवरात्राशी करायची तर मागचे आकडे आधीच गेलेले असायचे. जानेवारी २०१८ मध्ये नवं कन्सोल सगळ्यांसाठी खुलं झालं आणि खिडकी १६ महिन्यांची झाली. वर्ष आणि वर चार महिने. पहिल्यांदाच दोन हंगाम शेजारी ठेवून बघता आले.

तरीही त्यात एक मेख आहे. कन्सोल तुलना करतं ते इंग्रजी तारखांनी, आणि आपले सण तिथीनं येतात. २०२५ मध्ये घटस्थापना २२ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ३ ऑक्टोबरला. ‘मागच्या वर्षाशी तुलना’ हे तयार बटण दाबलं, तर २०२५ च्या नवरात्रासमोर २०२४ चा पितृपंधरवडा उभा राहतो. आलेख एकदम चढलेला दिसतो, आणि साइट करून देणारा त्याचं श्रेय घेऊन मोकळा होतो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळं नवरात्र ११ ऑक्टोबरवर गेलं की तोच आलेख उलटा कोसळतो. अशा वेळी तारखा हातानं टाकाव्यात, दुसरा इलाज नाही.

२०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत आणखी एक गोंधळ होता. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, अशी एकाच साइटची चार रूपं कन्सोलला चार वेगळ्या साइट्स वाटत. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर साध्या एचटीटीपी साइटवर ‘सुरक्षित नाही’ असा शिक्का मारू लागला, तेव्हा अनेकांनी घाईनं एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणीचा पत्ता घेतला. मग जुन्या नोंदीतला आलेख शून्यावर आला आणि मालकाला घाम फुटला. वाचक कुठं गेलेले नसत, मोजणी फक्त दुसऱ्या खात्यात चालू असे. कन्सोलमध्ये सगळ्या रूपांची मिळून डोमेनची एकत्र नोंद आल्यावर हे थांबलं. मात्र त्या नोंदीसाठी डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे ते नाव कोणत्या सर्व्हरकडं जातं हे सांगणाऱ्या नोंदींत एक ओळ घालावी लागते, आणि तिथं बऱ्याच लोकांना पहिल्यांदा कळतं की डोमेन आपल्या नावावर नाहीच, साइट करणाऱ्याच्या नावावर आहे.

सगळ्यात जाचक कुंपण शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव या कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींतल्या फौंड्रीवाल्यांना लागतं. ज्या क्वेरी दोन-तीन महिन्यांत काही डझनांपेक्षा जास्त लोकांनी केलेल्या नसतात, त्या गुगल खासगीपणासाठी तक्त्यात दाखवतच नाही. वरच्या एकूण आकड्यात त्यांचे क्लिक धरलेले असतात, त्यामुळं खालच्या ओळींची बेरीज वरच्या आकड्याशी कधी जुळत नाही. चप्पल किंवा मिसळ शोधणारे हजारोंनी असतात, त्यामुळं त्या विक्रेत्यांना याची झळ लागत नाही. एसजी आयर्न या ओतीव लोखंडाच्या प्रकारातल्या विशिष्ट ग्रेडचं, विशिष्ट वजनाचं कास्टिंग शोधणारे देशात मोजकेच खरेदी अधिकारी. त्यातला एक जरी ऑर्डर देऊन गेला तर वर्षाचं काम होतं. नेमका त्यानं काय टाइप केलं, तेच झाकलेलं. कारखान्याच्या मालकाला तक्त्यात दिसतं ते स्वतःच्याच कंपनीचं नाव, कारण ते शोधणारे जास्त. यावर उपाय म्हणजे शब्द सोडून पानांचा अहवाल बघणं: कोणत्या कास्टिंगच्या पानावर क्लिक आले, कोणत्या देशातून, कोणत्या आठवड्यात. त्यावरून क्वेरीचा अंदाज बांधता येतो, जर प्रत्येक प्रकाराला वेगळं पान दिलेलं असेल तर. ‘आमची उत्पादनं’ म्हणून सगळं एकाच पानावर कोंबलं असेल तर अंदाजही गेला.

१६ महिन्यांपलीकडचं राखून ठेवायचं असेल तर आकडे स्वतः उतरवून घ्यावे लागतात. पडद्यावर एका वेळी १,००० ओळीच येतात. फेब्रुवारी २०२३ पासून गुगलच्या बिगक्वेरी या डेटा साठवायच्या सेवेत रोजचा डेटा सोडण्याची सोय झाली. ती मोठ्या साइट्सच्या कामाची आहे, लहान दुकानदाराला महिन्याकाठी एक एक्सेल उतरवली तरी पुरते. उशिराची तक्रारही कमी झाली आहे. पूर्वी आकडे दोन-तीन दिवस मागं असत, डिसेंबर २०२४ पासून गेल्या २४ तासांचं चित्र तासातासानं दिसू लागलं.

ताजं कुंपण एआयचं आहे. सर्चच्या पानावर वरच तयार उत्तर देणारी ‘एआय ओव्हरव्ह्यूज’ सेवा मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात आली. पन्हाळ्याला सकाळी किती वाजता निघावं, असं कुणी विचारलं आणि टूरवाल्याच्या पानावरून उचललेलं उत्तर त्याला वरच मिळालं, तर तो खाली कशाला उतरेल? टूरवाल्याच्या कन्सोलमध्ये इम्प्रेशन दिसतं, क्लिक येत नाही. ते इम्प्रेशन नेहमीच्या लिंकचं की एआयच्या उत्तरातल्या उल्लेखाचं, हे वेगळं करता येत नाही, कारण दोन्ही ‘वेब’ या एकाच बेरजेत मोडतात. जून २०२५ मध्ये गुगलनं ‘एआय मोड’चे, म्हणजे गप्पांसारखी उत्तरं देणाऱ्या शोधाचे आकडेही त्याच बेरजेत धरायला सुरुवात केली, आणि वेगळा रकाना तेव्हाही दिला नाही.