काळपट मेपल सिरप म्हणजे हलका माल?

मेपल झाडाचा गोड रस आटवून केलेल्या, परदेशातून आलेल्या मेपल सिरपची बाटली काळपट दिसली की ‘करपलंय’ म्हणून नाकं मुरडली जातात. गैरसमज जुनाच, त्याला खुद्द अमेरिकेत गडद सिरपवर पूर्वी बसणाऱ्या ‘ग्रेड बी’ या शिक्क्यानं खतपाणी घातलं. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या शेतांवर एप्रिलच्या सुमारास रस काढण्याचा हंगाम आटोपत येतो. ऊब वाढते, रसातले सूक्ष्मजीव सुक्रोज फोडून ग्लुकोज-फ्रुक्टोज करतात आणि उकळताना तीच साखर जास्त तांबूस होते. चव दाट, थेट काकवीची आठवण देणारी (मला तर हेच आवडतं). २०१५ पासून अमेरिकी प्रतवारीत चवीला चांगलं असलेलं गडद सिरपही ‘ग्रेड ए’च. खरं बिघडतं ते झाडाच्या कळ्या फुगल्यावर: रसाला विचित्र वास येतो. मग खोडातल्या तोट्या उपटायच्या, पसरट कढया घासायच्या.