स्टेक, बगेत आणि हिरवट सॉस : एका छोट्या मेनूकार्डाची पार्श्वभूमी

फ्रेंच धाटणीच्या स्टेक-सँडविचच्या दुकानात मेनूकार्ड वाचायला अर्धं मिनिटही लागत नाही. बगेत या लांब, बारीक फ्रेंच पावामध्ये कापलेला स्टेक, वर घरचा सॉस, सोबत फ्राइज, फार तर थोडी सॅलडची पानं. मांस कितपत शिजलेलं हवं एवढंच विचारतात आणि तुम्ही उंच स्टुलावर जाऊन बसता. दुकानाचा थाट असा असतो की हे सगळं कालपरवा कुणीतरी डोकं लढवून काढलंय. प्रत्यक्षात कार्डावरच्या प्रत्येक ओळीचं गाव वेगळं आणि वयही वेगळं. बहुतेक ओळींच्या मुळाशी एक साधा धंद्याचा प्रश्न आहे: जे सहज खपत नाही ते खपवायचं कसं?

सुरुवात खाटकापासून करावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसमध्ये पिएर-लुई द्युव्हाल नावाचा खाटीक होता. श्रीमंत गिऱ्हाईक चांगले तुकडे घेऊन जाई आणि बाकीचं मांस पडून राही. १८५५च्या सुमारास त्याने ते उकळून, रश्श्यासकट, ‘ले आल’च्या घाऊक बाजारातल्या कष्टकऱ्यांना स्वस्तात विकायला घेतलं. या खानावळींना ‘बुइयाँ’ म्हणू लागले. ठरलेले भाव, मोजके पदार्थ, झटपट वाढप अशी त्यांची पद्धत. पॅरिसमधलं १८९६ सालचं ‘शार्तिए’ त्याच परंपरेतलं, आणि ते आजही चालू आहे. थोड्या पैशांत मांसाहारी जेवण बसून खाता येतं, ही सवय शहराला लागली ती इथून.

स्टेकचंही तसंच. सँडविचवाले हल्ली ज्या तुकड्यांची नावं मिरवतात ते ‘ओंग्ले’ आणि ‘बावेत’ हे काही राजेशाही तुकडे नव्हेत. ओंग्ले म्हणजे जनावराच्या छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याजवळ लोंबणारा स्नायू. एका जनावरात तो एकच निघतो, दिसायला ओबडधोबड, म्हणून खाटीक तो दुकानात न मांडता घरी नेत, असं फ्रान्समध्ये सांगतात. बावेत पोटाकडचा, लांबच लांब रेषांचा. हे दोन्ही कडक आचेवर पटकन भाजायचे, थोडा वेळ तसेच राहू द्यायचे आणि मग रेषांना आडवं, पातळ कापायचं. रेषांच्या दिशेने कापलं तर चावता चावता जबडा दुखतो. आडवं कापलं की प्रत्येक रेषा आखूड होते आणि तोच तुकडा मऊ लागतो. सँडविचमध्ये हे फारच महत्त्वाचं, कारण पावात काटा-सुरी नसते. अख्खा स्टेक घातला तर पहिल्याच घासाला सगळा बाहेर ओढला जातो. अजूनही काही दुकानं अख्खाच घालतात. त्यांना काय म्हणावं!

बटाटा फ्रान्समध्ये उशिराच रुळला. पॅरिसच्या पार्लमाँने, म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने, १७४८ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली होती. तो खाण्याजोगा आहे, असा निर्वाळा पॅरिसच्या वैद्यकीय विद्याशाखेने १७७२ साली दिला. त्यामागे पार्मांतिए या औषधतज्ज्ञाचा खटाटोप होता. प्रशियाच्या कैदेत असताना बटाट्यावर दिवस काढल्यामुळे त्याला या कंदाची किंमत कळली होती. पुढे तळलेल्या कापा पॅरिसच्या पाँ-नफ पुलावर विकल्या जाऊ लागल्या. फ्राइज आधी कुणाचे, यावर फ्रेंच आणि बेल्जियन आजही भांडतात. त्या भांडणात आपण न पडलेलं बरं.

आजच्या दुकानांवर सर्वात मोठी छाप आहे ती मात्र १९५९ सालच्या एका युक्तीची. नैर्ऋत्य फ्रान्समधल्या गायाक भागात द्राक्षमळे असलेल्या घराण्यातल्या पॉल जिनेस्त द सोर्स यांनी पॅरिसच्या पोर्त मायो भागातलं एक इटालियन रेस्टॉरंट विकत घेतलं. घरच्या वाइनला हक्काचं गिऱ्हाईक मिळावं हा हेतू. पाटी बदलायच्या भानगडीत ते पडले नाहीत, त्यामुळे व्हेनिसशी काडीचाही संबंध नसलेलं ‘ल रले द व्हेनीझ’ हे नाव तसंच राहिलं. आत मात्र एकच पदार्थ: कापलेला आंत्रकोत, म्हणजे बरगडीकडचा स्टेक, वर सॉस, सोबत फ्राइज. आधी अक्रोड घातलेलं, मोहरीच्या ड्रेसिंगचं सॅलड. मेनूकार्ड नाही, आगाऊ टेबल राखून ठेवणं नाही, रांगेत उभं राहायचं. काळ्या पोशाखातली, पांढरा एप्रन बांधलेली वाढपीण येते, स्टेक कसा हवा ते विचारते आणि टेबलावर अंथरलेल्या कागदावरच खूण करून जाते. निम्मा स्टेक आधी वाढतात, उरलेला गरम ठेवतात आणि ताट रिकामं झालं की पुन्हा वाढतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाढणं कमी वाटतं, तेवढ्यात दुसरी फेरी येते.

सॉसची कल्पना जिनीव्हाहून आली. तिथे बूबिए कुटुंबाकडून निघालेला आणि ‘काफे द पारी’ या रेस्टॉरंटमुळे नाव मिळालेला लोण्याचा सॉस १९३०च्या दशकापासून प्रसिद्ध होता. पॅरिसवाल्यांनी आपल्या हिरवट सॉसची कृती गुप्त ठेवली. ‘ल मोंद’ या दैनिकाने २००७ साली त्यात कोंबडीची काळीजं, थाइम ही सुगंधी वनस्पती, साय, मोहरी आणि लोणी असल्याचं छापलं. घराण्याने ते साफ नाकारलं. पॉल यांच्या मुलांनी पुढे वेगवेगळ्या शाखा काढल्या. मुलाने १९६२ साली तुलूझमध्ये ‘लांत्रकोत’ सुरू केलं, मुलींकडे पॅरिसचा कारभार आला. आज कुठल्याही सँडविचच्या दुकानात हिरवट सॉस आणि ‘आमची खास कृती’ अशी पाटी दिसली, तर ती कुणाची नक्कल आहे हे ओळखायला वेळ लागू नये. एकच पदार्थ ठेवला की माल कमी वाया जातो, स्वयंपाकी लवकर तयार होतात आणि खुर्च्या पटापट रिकाम्या होतात.

राहिला पाव. बगेत नेपोलियनच्या सैनिकांसाठी निघाला वगैरे गोष्टी सांगायला छान आहेत, पण त्या गोष्टीच. लांब पाव पॅरिसमध्ये आधीपासून होते. बगेत या नावाचा, ठरावीक वजनाचा पाव सरकारी कागदावर दिसतो तो १९२० साली. त्याच्या आगेमागेच बेकरी कामगारांना रात्री दहा ते पहाटे चार या वेळात कामाला लावण्यावर बंदी आली. बारीक पाव लवकर भाजून होतो, त्यामुळे सकाळच्या गिऱ्हाइकाला तो सोयीचा पडला. नंतर कारखान्यातल्या पावाने चव बिघडवली, तेव्हा १९९३ च्या फर्मानाने ‘पारंपरिक’ फ्रेंच पावाचं पीठ गोठवण्याला आणि कृत्रिम मिश्रणांना मनाई केली. २०२२ साली युनेस्कोने बगेत बनवण्याच्या कारागिरीला आणि संस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं.

पाव आणि गोमांस यांची फ्रेंच नावाची आणखी एक जोडी अमेरिकेत जन्मली. लॉस एंजलिसमध्ये फिलिप मॅथ्यू या फ्रेंच स्थलांतरिताने १९०८ साली दुकान काढलं. १९१८ साली त्याच्या हातून पाव भाजलेल्या मांसाच्या रसात पडला आणि गिऱ्हाइकाने तो तसाच मागून घेतला, अशी दुकानाची आख्यायिका. १९०८ सालचंच तिथलं ‘कोल्स’ही या रसात बुडवलेल्या सँडविचचा, म्हणजे ‘फ्रेंच डिप’चा, मान स्वतःकडे घेत आलं. खुद्द फ्रान्समध्ये मात्र नाक्यावरच्या गाड्यावर ‘अमेरिकन’ म्हणून जे मिळतं ते बगेतमध्ये खिम्याचा स्टेक आणि त्यातच कोंबलेले फ्राइज! बेल्जियममध्ये त्याचा भाऊबंद ‘मित्रायेत’. नव्या टापटीप दुकानांनी फ्राइज पावातून काढून शेजारी ठेवले, बाकी वंश तोच.

महाराष्ट्रात गोवंशातल्या बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही २०१५ पासून बंदी आहे, त्यामुळे मुंबईत स्टेक म्हणून येतं ते म्हशीचं मांस. मुंबई-गोव्याकडचे खाटीक पाठीच्या आतल्या मऊ तुकड्याला ‘अंडरकट’ म्हणतात आणि हॉटेलवाले तोच मागतात. या मांसात चरबी कमी असते, आच जरा वाढली की ते कोरडं पडतं. त्यामुळे बगेतमध्ये घालायचं तर मध्यम शिजायच्या आतच आचेवरून उतरवावं लागतं, आणि लोण्याच्या सॉसचा हात सढळ ठेवावा लागतो.