वाइड लेन्सचा रात्रीचा फोकस

रात्रीच्या आकाशाचा फोटो काढताना १४ ते २४ मिमीची वाइड लेन्स ताऱ्यांवर हाताने फोकस करायची जी पद्धत आहे तिला कोणी रात्रीचा फोकस म्हणतं तर कोणी नुसतंच 'तारा धरणं'. अंधारात ऑटोफोकसला धरायला काही सापडत नाही, लेन्स घरघर करत मागंपुढं फिरते आणि थांबते, म्हणून मॅन्युअलवर यावंच लागतं.

नवीन माणूस पहिल्यांदा काय करतो तर रिंग इन्फिनिटीच्या आडव्या आठावर नेऊन ठेवतो, नाहीतर सरळ शेवटपर्यंत फिरवतो, आणि तिथंच फसतो. बऱ्याच लेन्सची रिंग इन्फिनिटीच्या थोडी पुढंच जाते, ती मुद्दाम तशी ठेवलेली असते, कारण तापमानाने लेन्सचे भाग फुगतात-आकसतात आणि ऑटोफोकसलाही नेमकी जागा ओलांडून परत यावं लागतं. सोलापुरात तर हे फारच जाणवतं. एप्रिल-मे मध्ये दुपारी चाळीसच्या वर पारा, बॅग गाडीत तापलेली, आणि पहाटे तीनला त्याच लेन्सने आकाशगंगा काढायची, मग दुपारी लांबच्या टॉवरवर फोकस करून रिंग हलू नये म्हणून लावलेली चिकटपट्टी रात्री चुकीची ठरली तर नवल नाही. लेन्स अर्धा तास बाहेर गार होऊ द्यावी, मग फोकस, आणि मग पट्टी.

करायचं असं: लेन्सचं अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचं भोक) पूर्ण उघडं, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) भरपूर, लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवर थेट दृश्य) चालू, एक ठळक तारा मधल्या भागात आणून स्क्रीनवर दहापट मोठा करायचा. जानेवारीत, म्हंजे गड्ड्याची यात्रा (सोलापूरच्या सिद्धेश्वराची) आणि शेतात हुरडा चालू असतो तेव्हा, व्याध यासाठी एक नंबर (फक्त आगटीच्या धुराकडं पाठ करून उभं राहा). उन्हाळ्यात पहाटे अभिजित किंवा ज्येष्ठा. रिंग केसाएवढी फिरवायची, कारण वाइड लेन्सवर तीन मीटरपासून अनंतापर्यंतचं सगळं अंतर रिंगच्या एवढ्याशा हालचालीत बसलेलं असतं. ठिपका लहान होत जातो, एका जागेनंतर परत मोठा व्हायला लागतो, मग मागं यायचं. खरी खूण मात्र वेगळीच आहे, आजूबाजूचे मंद तारे जे आत्तापर्यंत दिसतच नव्हते ते एकदम उगवतात. ठिपका दुप्पट रुंद झाला तर तोच प्रकाश चौपट जागेत पसरतो आणि मंद तारा सेन्सरच्या खरखरीत (नॉइजमध्ये) बुडून जातो, म्हणून फोकस थोडासाच गेला तरी आकाश 'रिकामं' वाटतं.

मग दहा सेकंदाचा एक फोटो काढून स्क्रीनवर मोठा करून बघणं आलंच. तारे गोल आणि फुगलेले तर फोकस गेलाय, सगळे एकाच दिशेला लांबलेले तर एक्स्पोजरचा वेळ जास्त झालाय किंवा ट्रायपॉड हललाय, आणि फक्त कोपऱ्यातल्यांना पंख फुटलेत तर तो लेन्सचा कोमा, म्हंजे काचेचाच दोष, त्यासाठी फोकसची रिंग फिरवत बसू नये, अ‍ॅपर्चर एखादा स्टॉप (एक पायरी) लहान करावं.

पुढं देऊळ किंवा झाड घ्यायचं असेल तर हायपरफोकल अंतराचा हिशोब येतो, म्हंजे जिथं फोकस केला की त्याच्या निम्म्या अंतरापासून अनंतापर्यंत सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं ते अंतर. फुलफ्रेमवर (३६×२४ मिमीच्या सेन्सरवर) १४ मिमी, एफ २.८ ला ते साधारण २.३ मीटर, २४ मिमीला जवळजवळ ७ मीटर. तक्त्यातला हा आकडा जरा सैल असतो, तिथं फोकस केला तर तारे किंचित मऊ पडतात, त्यामुळं तारे आधी आणि पुढचं हवंच असेल तर दुसरा फोटो काढून जोडावा असं आपलं मत.

जागेचं म्हणाल तर आकाशगंगेचा ठळक भाग दक्षिणेकडं असतो, म्हणून सोलापूरच्या उत्तरेच्या हिप्परग्याच्या तळ्यावरनं शहराचा उजेड नेमका तिथंच आडवा येतो, त्यापेक्षा शहराच्या दक्षिणेला हत्तरसंग कुडलकडं, भीमा-सीनेच्या संगमाला जावं. तिथला शके ९४० चा मराठी शिलालेख दिवसाच बघून घ्या.

एक राहिलंच, काही नव्या मिररलेस लेन्समध्ये रिंग नुसती मोटरला इशारा देते, अशी लेन्स कॅमेरा बंद करून चालू केला की फोकस विसरू शकते, तिथं पट्टीचा उपयोग शून्य, बॅटरी बदलली की परत तारा धरायचा.