कुऱ्हाड तोडते, वाकस तासतो

कुऱ्हाडीची धार दांड्याच्या दिशेत असते आणि वाकसाची, म्हणजे सुताराच्या लाकूड तासण्याच्या हत्याराची, धार दांड्याला आडवी असते. या दोन हत्यारांतील सारे भेद, म्हणजे उभे राहण्याची पद्धत, धार लावण्याची रीत, कोणते काम कोणाकडून करून घ्यावे आणि जखम कुठे होण्याचा संभव असतो, हे सगळे या एका गोष्टीतून निघतात. तरीही शहरातून डोंगरात मुक्कामाला जाणारी तरुण मंडळी, आणि अलीकडे खेड्यातलीसुद्धा, या दोहोंकडे ‘लाकडाच्या दांड्याला लोखंडाचे पाते’ एवढ्याच नजरेने पाहतात आणि वाकसाला लहान कुऱ्हाड समजून घरी आणतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. वखर, तिफण आणि बैलगाडी लाकडाची होती तोवर गावच्या सुताराच्या पडवीत वाकसाचा ठोका दिवसभर ऐकू येई. औते लोखंडाची झाली, माळवदांच्या, म्हणजे लाकूड-मातीच्या सपाट छतांच्या, जागी स्लॅब आले, आणि वाकस पाहण्याचा प्रसंगच उरला नाही. कुऱ्हाड मात्र सरपणामुळे घरोघर टिकून आहे.

कुऱ्हाडीचे पाते म्हणजे हलती पाचर होय. ती लाकडात तिरपी घुसते, तंतू आडवे कापते आणि आपल्या दोन्ही गालांनी लाकूड दोहो बाजूंना रेटते. म्हणून आडवा घाव घालून तोडणे आणि उभा घाव घालून फोडणे ही तिची दोन कामे आहेत, आणि दोहोंत ताकदीपेक्षा वजन व वेग यांचा वाटा मोठा असतो. वाकसाचे पाते पाचरीसारखे वागत नाही. ते आत किंचित वळलेले असते, लाकडाच्या पृष्ठाशी जवळजवळ सपाट येते, वरच्या थराखाली शिरते आणि ढलपी उचलून टाकते. सुतारकामातला त्याचा जवळचा नातलग कुऱ्हाड नसून रंधा आहे. रंध्याची खोली त्याच्या ठोकळ्याने ठरते. वाकसाची खोली मनगटाने ठरवावी लागते, आणि ती कला महिन्या-दोन महिन्यांत येत नाही.

एक बारकावा येथेच सांगितला पाहिजे. कुऱ्हाडीने तासता येतच नाही असे नाही. युरोप-अमेरिकेत ओंडके चौकोनी करण्यासाठी रुंद पात्याची, एकाच बाजूने धार लावलेली कुऱ्हाड वापरली जात असे. पण तिने लाकडाची उभी बाजू तासली जाते, कारण घाव वरून खाली पडतो. वाकसाने वरची आडवी बाजू तासली जाते. आपल्याकडची कुऱ्हाड दोन्ही बाजूंनी धार असलेली आणि अरुंद पात्याची असल्यामुळे तिच्याकडून सपाट पृष्ठाची अपेक्षा करू नये. मी ती एकदा केली. शेतातल्या बाजेचा एक पाय मोडला होता, घरात वाकस नव्हता, आणि हिरव्या बाभळीचा सोट कुऱ्हाडीनेच चौकोनी करू असे ठरवून मी बसलो. प्रत्येक घाव एक तर खोल जाऊन रुतत होता, नाही तर घसरून निघून जात होता. तासाभराने समोर ढलप्यांचा ढीग होता आणि हातातला पाय एका टोकाला मनगटाएवढा, तर दुसऱ्या टोकाला मनगटाच्या निम्मा उरला होता.

उलट चूक अधिक महागात पडते. वाकसाने सरपण फोडू पाहणाऱ्याचे पाते लाकडात अडकते, मग तो दांडा हलवून ते उपसू लागतो, आणि आडव्या पात्यावर असा जोर आला की नेढ्यातला, म्हणजे पात्याच्या भोकात बसवलेला, दांडा सैल होतो किंवा तेथेच मोडतो. बाभळीची वाळलेली गाठ लागली तर धारेचा तुकडा उडतो तो वेगळाच.

धारेची घडणही वेगळी आहे. कुऱ्हाडीला दोन्ही बाजूंनी सारखा उतार देतात. दोन्ही उतार मिळून होणारा कोन साधारण २५ ते ३० अंशांचा ठेवावा, आणि वाळलेली बाभूळ किंवा चिंच तोडायची असेल तर तो थोडा जाडच बरा. वाकसाला उतार केवळ आतल्या, म्हणजे दांड्याकडच्या बाजूने असतो. बाहेरची बाजू लाकडावरून सरकत जाते, म्हणून ती गुळगुळीत आणि अखंड राहिली पाहिजे. अजाण माणूस वाकसाला कुऱ्हाडीप्रमाणे दोन्हीकडून कानस मारतो. मग पाते लाकूड धरत नाही, नुसते वरून निसटत राहते, आणि हत्यार वाईट निघाले म्हणून घिसाड्याच्या नावाने बोटे मोडली जातात. आतल्या बाजूला निसणा (धार लावण्याचा दगड) फिरवताना दांडा आड येतो, हे खरे आहे. त्यासाठी लहान, बोटभर रुंदीचा निसणा वापरावा, किंवा दांडा काढता येत असेल तर काढून घ्यावा. विजेवर फिरणाऱ्या सहाणेवर घाईने धरलेली धार निळसर पडली, तर पोलादाचे पाणी उतरले असे समजावे. तो भाग पुन्हा लोहाराच्या भट्टीत गेल्याशिवाय धार टिकणार नाही.

आता उभे राहण्याविषयी. कुऱ्हाड चालवताना पाय फाकलेले, घाव शरीरापासून पुढे, आणि तोडायची आडवी फांदी शक्य तर आपल्या व घावाच्या मध्ये असावी, म्हणजे घाव चुकला तर तो लाकडात किंवा जमिनीत जातो. पाडलेल्या खोडाच्या फांद्या छाटताना आपण खोडाच्या एका बाजूला आणि फांदी दुसऱ्या बाजूला ठेवावी, आणि छाटणी बुडाकडून शेंड्याकडे करावी. घावाच्या टप्प्यात दुसरे कोणी नसावे, हे सांगायला नकोच. वाकसाचे तसे नाही. आपल्याकडचा सुतार उकिडवा बसतो, काम पायाच्या अंगठ्याने किंवा टाचेने दाबून धरतो, आणि हातभर दांड्याचा वाकस स्वतःच्याच दिशेने ओढून मारतो. धार आणि पाऊल यांत वीतभर अंतर असते. ‘आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेणे’ असे आपण म्हणतो खरे, पण हत्यारांचा हिशेब पाहता त्या वाक्प्रचारावर वाकसाचा हक्क अधिक आहे. नवख्याने पायाने काम धरू नये. ओंडक्यावर दोन खुंट्या ठोकून त्यांच्यामध्ये लाकूड अडकवावे, पाऊल ओंडक्याच्या मागे ठेवावे आणि हात आपटण्याऐवजी कोपर स्थिर ठेवून मनगटातून छोटे घाव घालावेत.

दोन्ही हत्यारे एकाच कामात कशी लागतात हे वेळ अमावस्येच्या निमित्ताने सहज पाहता येते. लातूर आणि धाराशिव भागांत त्या दिवशी शेतात कडब्याची कोप, म्हणजे लहान झोपडी, उभी करतात. ती एका दिवसाची असते, म्हणून तिला तासकाम लागत नाही. परंतु तीच कोप पावसाळाभर राखणीसाठी टिकवायची असेल, तर मेढी (दुबेळक्या टोकाचे खांब) आणि वरचा आडवा वासा नीट बसवावा लागतो. मेढीची दुबेळकी फांदी कुऱ्हाडीने तोडावी. घाव काटकोनात घालू नये; एक घाव वरून तिरपा आणि दुसरा खालून तिरपा घातला की मधली ढलपी उडून खाच तयार होते, आणि ही खाच जितकी खोल तितकीच तोंडाशी रुंद ठेवावी, म्हणजे पाते रुतत नाही. जमिनीत जाणारे टोकही ओंडक्यावर उभे धरून कुऱ्हाडीनेच काढावे. येथे कुऱ्हाड आखूड धरायची, हात तुंब्याजवळ, म्हणजे डोक्याच्या मागच्या बोथट भागाजवळ, न्यायचा.

वासा मेढीवर ठेवला आणि तो घरंगळू लागला, की वाकसाचे काम सुरू होते. वाशाची खालची बाजू वर करून तिच्यावर काव किंवा कोळशाच्या पाण्यात भिजवलेले सूत ताणून रेघ उठवावी. ‘सुतार’ हा शब्द ‘सूत्रधार’ या संस्कृत शब्दापासून आला आहे, त्यामुळे सूत हे त्याचे वाकसाहूनही जुने लक्षण म्हणायला हरकत नाही. मग रेघेच्या खोलीपर्यंत चार-चार बोटांवर आडवे काप द्यावेत, आणि त्यानंतर दोन कापांमधले लाकूड वाकसाने उचलत जावे. काप आधी दिलेले असल्यामुळे ढलपी फार लांब फाटत नाही. एका दिशेने तासताना पाते आत ओढले जाऊ लागले, तर लाकडाचे तंतू उलट आहेत असे समजून वासा फिरवावा आणि दुसऱ्या टोकाकडून तासावे. जोर वाढवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

लाकूड ओले आहे की वाळलेले, यावरही बरेच अवलंबून असते. बाभूळ हिरवी असताना वाकसाखाली मऊ वाटते. तीच वर्षभर उन्हात पडली की धार परतवून लावते. म्हणून जुने सुतार गाडीच्या चाकाचे आरे आणि पुठ्ठे (घेराचे लाकडी तुकडे) हिरवेपणीच ढोबळ तासून ठेवीत आणि नेमके काम वाळल्यावर करीत. कडुलिंबाचे तंतू एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे तो फोडायला वैताग आणतो. सागवान दोन्ही हत्यारांखाली शहाण्यासारखे वागते, पण ते शेतकऱ्याच्या बांधावर क्वचितच असते.

कोणत्या हत्याराने काम झाले हे लाकूड पुढे शेकडो वर्षे सांगत राहते. जुन्या वाड्याच्या माळवदाखाली उभे राहून तुळयांकडे तिरप्या उजेडात पाहिले, तर पाण्यावरच्या लहरींसारखे उथळ, रुंद, एकामागोमाग एक ठसे दिसतात, ते वाकसाचे. अरुंद, तिरपी, एका बाजूने खोल गेलेली खूण कुऱ्हाडीची असते आणि ती बहुधा टोकाजवळ सापडते, जेथे खोड तोडले गेले. वेरूळच्या दहाव्या लेण्यात तर लाकूड नसताना लाकूडकाम दिसते. सातव्या शतकातील त्या चैत्यगृहाच्या कमानदार छताला दगडातच फासळ्यांसारखे वासे कोरलेले आहेत, आणि विश्वकर्म्याच्या नावाने ओळखले जाणारे ते लेणे लोकांच्या तोंडी ‘सुताराची झोपडी’ म्हणून आहे.

विकत घेताना दोहोंकडे वेगळ्या नजरेने पाहावे. मोठ्या कुऱ्हाडीचे डोके साधारण एक ते दीड किलोचे आणि दांडा अडीच-तीन फुटांचा असतो. मुक्कामाला नेण्यासाठी याच्या निम्मी कुऱ्हाड पुरते. पाते, नेढे आणि दांडा एका रेषेत आहेत का, हे एक डोळा मिटून धारेच्या बाजूने पाहावे. घिसाडी आणि लोहार पुष्कळदा ट्रकच्या जुन्या पाट्याचे पोलाद वापरतात. ते चांगले असते, मात्र धारेला पाणी नीट दिले आहे का हे कानशीने कळते: कानस सहज चावली तर धार मऊ, अगदीच घसरली तर कडक व ठिसूळ, आणि किंचित अडखळत चावली तर योग्य. वाकसात याखेरीज दांडा व पाते यांमधला कोन पाहावा. दांडा हातात धरून मनगट न वाकवता पाते लाकडावर टेकवले असता धार सपाट बसली पाहिजे. टोक वर राहत असेल किंवा आतच रुतत असेल, तर तो वाकस दुसऱ्याच्या हातासाठी घडलेला आहे. वाकसाचा माथा जाड असतो आणि सुतार त्याने खिळा वा पाचर ठोकतो, ते चालते. कुऱ्हाडीच्या तुंब्याने लोखंड ठोकू नये; नेढ्याच्या भिंती पातळ असतात, त्या पसरल्या की दांडा पुन्हा घट्ट बसत नाही. धार पार झिजली, तर नवे हत्यार घेण्याआधी जुनेच लोहाराकडून शेवटून, म्हणजे धार नव्याने घडवून, आणावे.

आणि ही हत्यारे कुठे चालवायची, हेही पाहिले पाहिजे. गौताळा-औट्रम घाट किंवा येडशी-रामलिंग यांसारख्या अभयारण्यांत वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे, तेथे झाडाला हात लावायचा नाही. स्वतःच्या शेतातीलही साग, चिंच, आंबा, मोह अशी काही झाडे तोडण्यापूर्वी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते. सरावासाठी बांधावरची, छाटणीला आलेली बाभूळ उत्तम.

राहता राहिला दांडा. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण ज्या लाकडावरून आली ते लाकूड निवडून घ्यावे लागते: धावडा, तिवस, बोर किंवा बाभूळ. धावड्याच्या लाकडापासून गाडीचे आस करीत, यावरून त्याच्या चिवटपणाची कल्पना यावी. दांडा करवतीने कापलेल्या फळीतून काढण्यापेक्षा फोडलेल्या फाळक्यातून काढावा, म्हणजे तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राहतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर गेला की लाकूड आकसते आणि घट्ट बसलेले डोके हलू लागते. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवण्याचा सर्वपरिचित उपाय एका दिवसापुरता चालतो. फुगलेले तंतू नेढ्यात चेपले जातात आणि पुन्हा वाळल्यावर दांडा आधीपेक्षा अधिक सैल होतो. त्याऐवजी जुनी पाचर काढून कोरड्या लाकडाची किंचित जाड पाचर ठोकावी आणि दांड्याला जवसाचे तेल पाजावे. कुऱ्हाडीचे डोके निसटले तर ते समोर उडते. वाकसाचे निसटले तर ते बसलेल्या माणसाच्या नडगीकडे येते, म्हणून तपासताना आधी वाकस हातात घ्यावा.